तेवीस सर्टिफिकेटं आणि स्वारगेटला आठवलेल्या दहा गोष्टी

प्रिय ताई,

मी धायरीत एका बालवर्गात अकरा वर्षं शिकवते. शिक्षण बारावी. लग्नाआधी एका खासगी क्लासमधून वर्षभराचा मॉन्टेसरी कोर्स केला होता. मध्यंतरी बाणेरच्या एका मोठ्या शाळेत पूर्वप्राथमिकला कोऑर्डिनेटरची जागा निघाली. मुलाखतीला सगळी सर्टिफिकेटं साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून नेली. तेवीस भरली. समोरच्या बाईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, 'गेल्या दोन वर्षांत नवीन काय शिकलात, आणि त्यानं तुमच्या वर्गात काय बदललं?' मला काही म्हणजे काही सुचलं नाही. येताना स्वारगेटला बस बदलेपर्यंत दहा गोष्टी आठवल्या! जागा एका सव्वीस वर्षांच्या मुलीला मिळाली. तिची म्हणे फाईल फार सुरेख होती. मी आता फाईल करू की आणखी एक डिप्लोमा? मिस्टर म्हणतात, मुलं सांभाळायचं काम ते, त्यात कसलं आलंय करिअर. माझी जाऊ मुळशीकडे अंगणवाडी सेविका आहे, ती म्हणते माझंही विचार.

ता. क. सर्टिफिकेटं लॅमिनेट करून घेऊ का?

— एक ताई, धायरी

धायरीच्या ताई,

आधी एक काम करा. स्वारगेटपर्यंत आठवलेल्या त्या दहा गोष्टी आज रात्रीच कागदावर उतरवा. माझं बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. अपमान झाला की आठवण फार लख्ख होते, पण ती टिकत नाही. महिन्याभरानं दहातल्या चार उरतील आणि त्याही 'मुलांना खेळातून शिकवलं' असल्या गुळमुळीत होतील.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. एकतीस वर्षं बालवर्गात गेली, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका म्हणून. सर्टिफिकेटांचा गठ्ठा पुढे आला की मीही तो बाजूला ठेवायचे. त्यात उद्धटपणा नव्हता. गठ्ठ्यावरून एवढंच कळतं की बाई त्या दिवशी तिथे हजर होत्या. आपल्याकडच्या एकदिवसीय कार्यशाळा तुम्हालाही ठाऊक आहेत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ हे उरकेपर्यंत साडेअकरा. दीडला पुलाव आणि जिलबी. साडेतीनला प्रमाणपत्र वाटप आणि पायऱ्यांवर ग्रुप फोटो. सर्टिफिकेटावर मात्र ठळक अक्षरात 'सहा तास'. बाणेरच्या बाईही अशा कार्यशाळांची जिलबी खाऊनच त्या खुर्चीत पोचल्या असणार.

त्यांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच चांगला होता. राग धरू नका.

तासांचा हिशोब मात्र सोडूनही चालणार नाही, कारण तो आता मागितला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली. सीबीएसई आपल्या शाळांकडून तेवढेच मागते: साधारण 25 तास बोर्डाच्या किंवा सरकारी प्रशिक्षण संस्थांकडून आणि 25 शाळेतल्या शाळेत. तुमच्या बालवर्गाला आज हे कुणी विचारत नसेल, पण बाणेर-बालेवाडीच्या शाळेत जायचं तर विचारतील. आणि 50 तास म्हणजे आठवड्याला जेमतेम एक तास. तुम्ही तो देतच असणार, फक्त कुठे लिहिलेला नाही. शनिवारी दोघी ताया बसून पुढच्या आठवड्याचं नियोजन करता, एखादा व्हिडिओ बघून त्यावर बोलता, ते सगळं 'शाळेतल्या शाळेत' मध्ये येतं. तारीख, विषय, कोण कोण होतं आणि मुख्याध्यापिकेची सही, इतकं असलं की तो तास धरता येतो.

दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचे कोर्स मोफत आहेत, मराठीतही आहेत आणि पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळतं. एकच विनंती, पोळ्या लाटता लाटता मोबाईल डब्याला टेकवून ते 'पूर्ण' करू नका. आपण सगळ्यांनी केलंय ते. आणि कोणत्या मोबाईल नंबरावरून लॉगिन केलंत ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नंबर बदलला, जुनं सिम हरवलं, की आपलीच प्रमाणपत्रं शोधत बसावं लागतं.

आता फाईल की डिप्लोमा. माझं उत्तर: आधी वही. साधी दोनशे पानी, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी शिवलेली घ्या, पानं सुटणारी नको. त्या सव्वीस वर्षांच्या मुलीची फाईल सुरेख होती म्हणता, असेलही. पण सुरेखपणावर जागा मिळत नाही. त्या फाईलमध्ये बहुतेक अशी काही पानं असणार ज्यांवर बोट ठेवून ती म्हणू शकली, 'हे बघा, इथे मी हे करून पाहिलं.' तुमच्याकडे अकरा वर्षांचं करून पाहिलेलं आहे. पान नाही.

वहीत काय लिहायचं? माझ्या जुन्या वहीतली एक नोंद देते, जशीच्या तशी. एका कार्यशाळेत सांगितलं होतं की गोष्ट सांगताना प्रश्न विचारला की लगेच उत्तर पुरवू नका, गप्प बसा, मनात आकडे मोजा.

'12 जुलै, छोटा गट, 22 मुलं. चिऊकाऊची गोष्ट. काऊचं घर वाहून गेलं, आता तो झोपेल कुठे, असं विचारून गप्प बसले. मनात सातपर्यंत मोजलं. फार लांब वाटलं. मावशी दारातून बघायला लागल्या, बाई विसरल्या की काय म्हणून. ओ. (जूनपासून वर्गात बोललेला नाही) म्हणाला, माझ्या आजीकडे. मग सगळेच आपापल्या आजीकडे पाठवायला लागले.

13 जुलै, मोठा गट. हेच केलं. फसलं. तीच तीन मुलं ओरडून उत्तरं देत राहिली, गप्प बसून उपयोग नाही.

16 जुलै, मोठा गट. आधी शेजाऱ्याच्या कानात सांगा, मग मला सांगा, असं केलं. बरं गेलं. गोंधळ झाला, पण सगळे बोलत होते.'

एवढंच. पाच-सहा ओळी, शुक्रवारी मुलं गेल्यावर मावशी झाडत असतात तेवढ्या वेळात होतात. यात फसलेलं लिहिलंय ते मुद्दाम बघा. मुलाखतीत मला कुणी फक्त यशाच्या गोष्टी सांगितल्या की मी पेन खाली ठेवायचे. फसलं, मग काय बदललं, हे जिला सांगता येतं ती बाई वर्गात डोळे उघडे ठेवून असते, एवढं मला बारा वर्षांत कळलं.

दुसरा प्रकार थोडा टोचणारा आहे, पण तो सगळ्यात लवकर फळतो. सोबतच्या ताईला विनंती करा की वीस मिनिटं तुमच्या वर्गात कोपऱ्यात बसून फक्त एक गोष्ट मोज. शेरे नकोत, आकडा हवा. माझ्या वर्गात माझी मैत्रीण बसली होती. वीस मिनिटांत मी 'अरे, खाली बस' हे सतरा वेळा म्हटलं. सतरा! मला वाटत होतं मी वर्गात गाणी म्हणते आणि गोष्टी सांगते. त्यातले अकरा 'खाली बस' एकट्या एका मुलाच्या वाट्याला गेले होते. मग मी मणी ओवायचं टेबल खिडकीकडून दारापाशी आणलं, त्या मुलाला उभं राहून ओवायची मुभा दिली. महिन्यानं मैत्रीण परत बसली तेव्हा आकडा सहा होता. तारखेसकट दोन्ही आकडे वहीत आहेत. व्यावसायिक प्रगती वगैरे जड शब्द वापरतात ना, ती माझ्यापुरती सतरावरून सहावर आली होती.

तुम्ही मुलांचं तर हे रोज करता. 2022 मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यानं तीन ते आठ वयाच्या मुलांचं मूल्यमापन निरीक्षणातून, प्रसंगांच्या नोंदींतून आणि मुलाच्या कामाच्या संग्रहातून करा असं सांगितलं. ओवीनं कात्री कधी धरली, आरव कधीपासून डबा स्वतः उघडायला लागला, हे तुम्ही तारखेनिशी सांगू शकता. स्वतःबद्दल मात्र अकरा वर्षांत एक ओळ नाही. आपल्या बायकांचं हे जुनंच दुखणं आहे, पण तो वेगळा लेख होईल.

अमेरिकेत बालशिक्षकांसाठी सीडीए नावाचं प्रमाणपत्र आहे. त्याला 120 तासांचं प्रशिक्षण आणि मुलांसोबत 480 तासांचं प्रत्यक्ष काम लागतंच, पण शिवाय स्वतःच्या कामाचा संग्रह करून द्यावा लागतो. तिथल्या बऱ्याच राज्यांत बालशिक्षकांची नोंदवहीच असते. कुठलं प्रशिक्षण कधी झालं, किती तास झाले, ते त्यात चढत जातं आणि नोकरी बदलली तरी सोबत येतं. धायरीतल्या खासगी बालवर्गात शिकवणाऱ्या ताईच्या नावानं अशी वही ठेवणारं कुणी नाही. ठेवायची तर तुम्हीच.

त्या तेवीस सर्टिफिकेटांचं काय करायचं? जमिनीवर पसरा आणि तीन गठ्ठे करा. ज्यात सलग काही दिवस शिकलात ते एक. एकदिवसीय ते दुसरं. 'स्नेहसंमेलनात उत्कृष्ट निवेदन केल्याबद्दल' वगैरे तिसरं, ते प्रेमानं कपाटात ठेवा. पहिल्या दोन गठ्ठ्यांची एकच यादी करा: तारीख, कुणी घेतलं, विषय, खरे तास, आणि शेवटचा रकाना 'वर्गात काय वापरलं'. शेवटच्या रकान्यात काही आठवत नसेल तर रिकामा सोडा. खोटं भरू नका, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. तारखा अडल्या तर जुन्या टाचणवह्या काढा, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे फोटो चाळा. तरीही नाही सापडली तर 'अंदाजे 2018' असं लिहायला लाज कसली?

काही सर्टिफिकेटं माहेरच्या नावावर असतील, काही सासरच्या. हे आपल्याकडे हमखास होतं आणि कागद तपासणाऱ्याला दोन वेगळ्या बाया वाटतात. यादीच्या वर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स लावा. नाव राजपत्रात बदलून घेतलं असेल तर त्याची.

आणि सगळ्याचे फोटो काढून ईमेलवर आणि डिजिलॉकरमध्ये ठेवा. माझी एक मैत्रीण अरण्येश्वरला राहायची. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी तिच्या घरात शिरलं. माणसं वर गच्चीत गेली म्हणून वाचली. फाईल खालच्या कपाटात होती. वीस वर्षांचे कागद सकाळी चिखलातून काढले तेव्हा शाई नव्हती, नुसते शिक्क्यांचे जांभळे डाग होते.

मुलांचे फोटो फाईलमध्ये लावायचा मोह होईल. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलाचा चेहरा तुमच्या खासगी फाईलमध्ये नको. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मुलांच्या माहितीबाबत पालकांची संमती मागतो, आणि कायदा नसता तरी आपल्या मुलाचा फोटो आपण कुणाच्या मुलाखतीत फिरू दिला नसताच. मी हातांचे फोटो काढायचे. मातीत माखलेले, मणी ओवणारे, ठोकळ्यावर ठोकळा ठेवताना जिवणी दाबलेली असते ती दिसत नाही तेवढी, पण बोटं सगळं सांगतात.

आता एक रुक्ष पण मोलाचा विषय. शिकल्याच्या पुराव्याइतकाच नोकरीचा पुरावा लागतो, आणि बालवर्गात तो फार तकलादू असतो. माझी पहिली नोकरी पेठेतल्या एका बालवर्गातली, सहा वर्षांची. सोडताना अनुभवाचा दाखला मागितला तर चार वर्षांचा हातात पडला. पहिली दोन वर्षं माझं नाव मस्टरवर नव्हतंच. पगार पाकिटात मिळायचा, सही मदतनिसाच्या व्हाउचरवर घ्यायचे. वर्ग मी घ्यायचे, पालकसभा मी घ्यायचे, कागदावर मात्र मदतनीस. भांडायला हातात चिठोरंही नव्हतं.

म्हणून तुमचं नेमणूक पत्र आहे का ते बघा. नसेल तर नोकरी सोडताना नव्हे, आत्ता, संबंध गोड असताना, 'कार्यरत असल्याचा दाखला' मागा: कधीपासून, कोणत्या पदावर, कोणता गट, आणखी काय जबाबदाऱ्या. 'बँकेला लागतोय' म्हणालात तर पटकन मिळतो, हे माझ्या नावावर सांगू नका. तुमच्याकडे वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ लागू होतो. मग यूएएनवर, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या क्रमांकावर, लॉगिन केलं की कुठे, कोणत्या तारखेला रुजू झालात ते दिसतं. तारीख चुकीची असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पीएफ नसेल तर बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी हाच पुरावा, आणि पगार अजून रोख मिळत असेल तर खात्यावर मागायला सुरुवात करा.

याचा संबंध पैशांशीही आहे. खासगी शाळांतल्या शिक्षकांना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पक्कं केलं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या संस्थेत पाच वर्षं सलग नोकरी झाली की वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराचा हिशोब होतो. तुमची अकरा झाली आहेत. पण अकरा झाली हे दाखवता आलं पाहिजे.

जाऊबाईंना सांगा, त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल त्याच न्यायालयानं दिला. त्यांची वाट तुमच्यापेक्षा थोडी आखलेली आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणे पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं अनुभव असलेल्या, बाकी अटी पूर्ण करणाऱ्या सेविकांमधून बढतीनं भरायच्या असतात. 2020 च्या धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सांगितला आहे. 'पोषण भी पढाई भी' या सेविकांसाठीच्या केंद्राच्या कार्यक्रमातलं प्रशिक्षण झालं असेल तर त्याच्या तारखा त्यांनी लिहून ठेवाव्यात. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मुलांची उंची-वजनं भरता भरता जीव मेटाकुटीला येतो त्यांचा, माहीत आहे. पण पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करताना स्वतःची वहीच कामाला येईल.

डिप्लोमाचं बोलू. खरं सांगायचं तर बाणेरची जागा नुसत्या फाईलमुळे गेली नसावी. मोठ्या शाळा कोऑर्डिनेटरला पदवी विचारतात. तुम्ही बारावी आहात. त्या मुलीच्या हातात फाईल होती तशी पदवीही असणार. म्हणजे तुमची अडचण आणखी एका डिप्लोमाची नाहीच.

आधी ठरवा, जायचंय कुठे. कोऑर्डिनेटर व्हायचं असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. करा, मराठीतून होतं, नोकरी सोडावी लागत नाही. तीन वर्षं जातील. ती तशीही जाणारच आहेत. त्याच्या जोडीला बालशिक्षणाचंच काही हवं असेल तर इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा बारावीवर करता येतो, कमीत कमी एक वर्षाचा. प्रवेश घेण्याआधी माध्यम कोणतं आणि प्रात्यक्षिकं कुठे ते पुण्यातल्या प्रादेशिक केंद्रात विचारून घ्या. पहिली-दुसरीला शिकवायचं मनात असेल तर वाट निराळी: दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, आणि त्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. बालवर्गाचा कुठलाही डिप्लोमा त्या जागी चालत नाही, हे न कळल्यानं कित्येक ताया फसल्या आहेत.

तुमचा मॉन्टेसरी कोर्स वाया गेला असं मी म्हणणार नाही. साहित्य हाताळायची सवय तिथेच लागली असेल. पण 'मॉन्टेसरी' ही पाटी कुणीही लावू शकतो. पुण्यात एका गल्लीत तीन सापडतील. यापुढे कुठेही फी भरताना एकच विचारा: एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची, मान्यता आहे का? असेल तर पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका दोन वर्षांची असते आणि मान्य संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येते. 'आंतरराष्ट्रीय', 'सरकारमान्य', 'आयएसओ' हे शब्द उत्तर म्हणून आले तर नमस्कार करून बाहेर या.

तिसरी वाट सहसा कुणी बोलत नाही: प्रशिक्षक होणं. अकरा वर्षांच्या नोंदी असलेली ताई नव्या तायांना जे सांगू शकते ते पुस्तकातून येत नाही. पुढच्या शनिवारी तुमच्याच बालवर्गात नव्या दोघींना अर्धा तास 'मुलं पहिल्या आठवड्यात रडतात तेव्हा' एवढ्यावर बोला. तारीख लिहा, कोण होतं ते लिहा, त्यांनी काय विचारलं ते लिहा. शिकवलेले तासही तुमचे असतात. एनसीटीईच्या 2023 च्या शिक्षक मानकांत शिक्षकाच्या तीन पायऱ्या आहेत. वर चढत जाताना स्वतःच्या वर्गाबरोबर इतर शिक्षकांना हात देणं मोजलं जातं. मराठी बालवर्गात त्यांचं नाव कुणी काढत नाही अजून, पण पायरी तुमच्या पायाखाली आहे का ते बघायला हरकत नाही.

वयाची शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण 'सव्वीस वर्षांची मुलगी' असं लिहिलंत त्यातून वाचली. अनुताई वाघ पुण्यात हुजूरपागेत शिकवत होत्या आणि स्वतः रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. 1945 मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू झालं तेव्हा त्या पस्तिशीत होत्या. मिस्टरांनाही हे वाचून दाखवा. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं ते 'मुलं सांभाळायच्या' कामासाठीच. आणि तरीही पटलं नाही तर एक दिवस त्यांना तुमच्या छोट्या गटात, जूनमध्ये शाळा उघडल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊ ते बारा बसवा. मी माझ्या मिस्टरांना बसवलं होतं. सव्वाअकराला ते 'गाडी पंक्चर आहे बहुतेक' म्हणून बाहेर पडले.

ता. क. ला उत्तर: नाही, लॅमिनेट करू नका. पुढेमागे मूळ कागदावर शिक्का मारायची, साक्षांकन करायची वेळ आली की लॅमिनेशन आड येतं, आणि ते सोलताना कागदही सोबत येतो. पारदर्शक कव्हरांची फाईल अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळते. चाळीस कव्हरांची घ्या, वीसची पुरणार नाही. आणि साडीची पिशवी भाजीला ठेवा.